पट्टीच्या माणसाची स्की

टिरोलच्या बर्फाळ डोंगरात काश्परचं स्कीचं दुकान. दुकानात नव्याने कामाला लागलेल्या व्रोनीला त्याने पहिल्याच दिवशी शिकवलं, "प्रत्येक गिऱ्हाईक स्वतःला पट्टीचं समजतं. आपण 'तुमच्याकडे बघूनच कळतं' म्हणायचं आणि खालच्या फळीवरची, सांभाळून घेणारी जोडी द्यायची. त्याची हाडंही शाबूत, त्याचा मानही शाबूत."

तीस वर्षं तो अशा बढाईखोरांना मनातल्या मनात हसत आला होता.

यंदा गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्याने स्वतःसाठीच जोडी मागितली. "अख्ख्या डोंगरावर चालेल अशी काढ. बर्फ कडक असो की भुसभुशीत, मला सगळं सारखंच."

"तुमच्याकडे बघूनच कळतं, मालक," व्रोनी म्हणाली.

काश्परची छाती फुगली. मग त्याला दिसलं, ती खालच्या फळीकडे वाकली होती.