आत्याचं कापड

ओट्यावरच्या कोनाड्यातली पिशवी जागेवर होती, पण गाठी सुटलेल्या आणि आत काहीच नाही. हिमानीनं आत हाक मारली.

"मम्मी, माझा ॲप्रन कुठंय?"

"अवं, अंगावर आहे ना तुझ्या भाच्याच्या!" मम्मी आतून हसत म्हणाली.

बारशाचा दिवस. राजपुऱ्यातल्या त्या घरात घुगऱ्या शिजत होत्या, बायका जमायला लागल्या होत्या. पाळण्यात वहिनीचं बाळ पांढरं अंगडं, पांढरं टोपडं घालून पडलं होतं. टोपड्याच्या कडेला निळ्या दोऱ्यानं भरलेलं, ॲप्रनवरचंच नाव: हिमानी.

पाच दिवसांपूर्वी ती मेडिकल कॉलेजच्या वॉर्डातून थेट घरी आली होती. वॉर्ड घटसर्पाच्या पोरांनी भरलेला. गावात त्याला गलघोंटू म्हणतात. पोरीची सावधगिरी काय सांगावी! स्वतः लस घेतलेली, गोळ्या घेतलेल्या, आल्या आल्या कढत पाण्यानं आंघोळ, तोंडाला मास्क, झोपायला माडीवर. बाळाला एकदाही मांडीवर घेतलं नाही. रश्मीवहिनी जरा रुसलीच होती. पण त्या ॲप्रनच्या बाहीवर वॉर्डातलं एक पोरगं खोकलं होतं, रक्ताचा शिंतोडा उडाला होता. बस सुटेल म्हणून हिनं तो पिशवीत कोंबला, दोन गाठी मारल्या आणि सोबत आणला. तिथंच टाकून यावा, एवढं साधं सुचलं नाही. आणि ही म्हणे सगळ्यांना शिकवणारी!

"कधी शिवलंस?"

"तू आली त्याच्या दुसऱ्या दिवशी. तेव्हापासून अंगावरच आहे त्याच्या. तू तर हात लावून नाही राहिली पोराला. म्हटलं, आत्याचं कापड तरी लागू दे अंगाला."

"धुतलंस ना?"

"काहीतरीच! आत्याचं कापड कोणी धुतं का? धुतलं तर गुण जातो. आत्या डॉक्टरीण, तिचा गुण नको यायला? बाहीला डाग होता, तो टोपड्याच्या आत घेतला मी. दिसतो तरी का बघ."

हिमानी पाळण्याकडं धावली. पाच दिवसांत पहिल्यांदा तिनं बाळाला उचललं. त्याच्या नाकातून लालसर पाणी येत होतं, छाती घरघरत होती.

"ताई, कालपासून सर्दी आहे त्याला," रश्मी म्हणाली. "दूधही नीट ओढत नाही."

"सगळे कपडे उतरवा त्याचे. दादाला गाडी काढायला सांगा. आत्ताच्या आत्ता!"

"अगं, पण बारसं... बायका बसल्यात बाहेर..."

"मम्मी, मरेल गं तो! माझ्यामुळं मरेल!"

मम्मीनं बाळाचं टोपडं ओढून काढलं. हिमानीनं वॉर्डात फोन लावला. ड्युटीवर शालिग्राम सर होते. तिनं एका दमात सगळं सांगितलं.

"वय?"

"बारा दिवस, सर."

सर म्हणाले, "लगेच घेऊन ये. मी बेड ठेवतो. नाव सांग, रजिस्टरला घालतो."

नाव अजून ठेवलंच नव्हतं. ते आत्यानं बाळाच्या कानात सांगायचं होतं. हिमानीनं रश्मीकडं पाहिलं. रश्मीनं डोळे पुसत मान डोलावली.

"मोहित," हिमानी फोनवर मोठ्यानं म्हणाली. "मोहित हर्षल महाजन."

तेवढ्यात नदीपलीकडून, जैनाबादहून बारशाला आलेल्या धुरपदाबाईंनी उंबरा ओलांडला. त्यांना आधीचं काहीच ठाऊक नव्हतं, नाव तेवढं कानी पडलं. नाव ठेवलं की बायका आत्याच्या पाठीत घालतात, तशी त्यांनी हसत हसत हिमानीच्या पाठीत बुक्की घातली.

"कुर्रर्र! थांबली नाहीस गं माझ्यासाठी?"