वीतभर उंच

माझ्या बायकोच्या, सत्यशीलाच्या, दुखऱ्या गुडघ्यांसाठी मी एक जुनी गोल्फ कार्ट घेतली होती. हडपसरच्या आमच्या सोसायटीत गाड्या आत सोडत नाहीत, ॲम्ब्युलन्सही गेटवरच थांबते. तिच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा तिला कार्टमध्ये मागे बसवून गेटकडे निघालो. स्पीडब्रेकर आला. "घट्ट धर गं," मी म्हणालो. दबलेल्या स्प्रिंगांमुळे कार्टचं पोट ब्रेकरवर अडकलं. मागून उत्तर आलं नाही.

तेरावं झाल्यावर मी स्प्रिंगा बदलून घेतल्या आणि कार्ट वीतभर उंच करून घेतली. सोसायटीचा सेक्रेटरी सुदर्शन म्हणाला, "काका, काकू तर गेल्या. आता काय सिंहगड चढवणार?"

काल त्याचाच फोन आला. "काका, कार्ट आणा! आईला श्वास घेता येत नाहीये."

तो आईला धरून मागे बसला. तिचे डोळे मिटलेले होते. ब्रेकर दिसला तसा मी वेग कमी केला. सवयीने तोंडून निघालं, "घट्ट धर गं."

कार्ट न घासता पलीकडे गेली.



मागून म्हातारीचा बारीक आवाज आला, "धरलंय हो."