ॲशकोम हॉलचं फाटक

लढाईत लोखंड कमी पडू लागलं, तरी ॲशकोम हॉलच्या बागेचं वेलबुट्टीचं फाटक द्यायला बाईसाहेब काही केल्या तयार होईनात. शेवटी माळी हॉरेसनेच गळ घातली, "माझा स्टॅन्ली जहाजावर आहे, बाईसाहेब. द्या ना!" आणि स्वतःच्या हातांनी बिजागऱ्या कापून त्याने ते गाडीवर चढवलं.

पुढे स्टॅन्लीचं जहाज बुडालं. पुरायला देहसुद्धा मिळाला नाही. "आपल्या फाटकानं दुसऱ्या कुणाचं तरी पोर वाचेल," असं म्हणत हॉरेस आणि त्याची बायको ईडिथ एकमेकांना सावरत राहिली.

लढाई संपल्यावर खुराड्यासाठी पत्रा शोधायला हॉरेस भंगारवाल्याकडे गेला, तर मागच्या गवतात तेच फाटक गंजत पडलेलं.

"न्यायला कुणी आलंच नाही," भंगारवाला म्हणाला. मग जरा घुटमळून, "मागे तुमच्या ईडिथबाईही येऊन गेल्या. याच्यापाशी बसून खूप रडल्या. तुम्हाला कळू देऊ नका म्हणाल्या होत्या, पण आता तुम्ही पाहिलंतच."

घरी ईडिथने चहा ओतताना विचारलं, "इतका वेळ कुठे होतास रे?"

"भंगारवाल्याकडे."

तिच्या हातातली किटली थबकली.

"आपलं फाटक केव्हाच वितळवलं म्हणे," तो म्हणाला. "जहाजाला लागलं."

 

त्याच्याकडे न बघता ईडिथ म्हणाली, "हो. आणि ते जहाज सुखरूप परतलंही असेल."