गटाचं गाव

"पण साहेब, आमचंच गाव मोठं हाये!"

पांजरखेड्याचा म्हातारा पतिराम एवढ्या जोरात ओरडला की सुनावणीच्या हॉलमध्ये मागं पेंगत बसलेले आसोलगावचे लोकही दचकून जागे झाले.

साहेब चिडले नाहीत. भला माणूस होता. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं सरकवला आणि पुन्हा एकदा समजावून सांगितलं. जिल्हा परिषदेच्या गटांच्या सीमा नव्यानं आखल्या जात होत्या. या आखणीत पांजरखेडा आणि आसोलगाव एकाच गटात आले होते. आता गटात ज्या गावाची लोकसंख्या सगळ्यात जास्त, त्याचंच नाव गटाला द्यायचं असा नियम. कागदावर आसोलगाव जास्त भरत होतं. म्हणजे इतकी वर्षं ज्याला पांजरखेडा गट म्हणत, तो आता आसोलगाव गट होणार.

"कागदाचं काय सांगता जी," पतिराम म्हणाला. "मागची मोजणी फेब्रुवारीत झालती. तवा आमचं अर्धं गाव मिरची तोडाले तेलंगणात गेलं राहते. आसोलगावाले तलाव हाये, उन्हाळी धान हाये. त्याईले कायले जा लागते कुठं?"

"मग बाबा, उपाय तुमच्याच हातात आहे," साहेब म्हणाले. "येत्या फेब्रुवारीत नवी जनगणना आहे. तेव्हा सगळ्यांना घरी ठेवा. पुढच्या आखणीत नाव आपोआप तुमच्याकडे येईल."

एका नावासाठी म्हाताऱ्यानं एवढा जीव आटवावा, याचं कुणालाही नवल वाटेल. पण पांजरखेड्याजवळ दुसरं होतंच काय? गटाचं गाव म्हणून एसटी यायची. गटाचं गाव म्हणून दवाखान्यात आठवड्यातून एखादा दिवस तरी डॉक्टर दिसायचा. मतं मागणारा आधी इथं उतरायचा आणि माजी सरपंच म्हणून पतिरामच्याच ओसरीवर चहा प्यायचा. नाव गेलं की हे सगळं एकेक करून आसोलगावला जाणार. पतिराम भांडत होता तो याच्यापायी.

गावात परतल्यावर त्यानं हनुमानाच्या देवळापुढं सभा घेतली. "एक महिना, लेकहो. तेवढा एक महिना गाव सोडू नका. एवढंच मांगून राहिलो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याचा स्वतःचा मुलगा दुर्गेश तर सगळ्यांच्या आधी म्हणाला, "नाही जात बाबा आम्ही." पतिराम हरखून गेला. लोक इतक्या झटकन हो म्हणतात तेव्हा जरा सावध व्हावं, हे त्याच्या वयाच्या माणसाला कळायला नको? पण आशा मोठी वाईट चीज आहे बापा!

धान कापून, मळून झाले. रोजगार हमीचं काम निघेल निघेल म्हणता निघालं नाही. आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाची गाडी यंदा गावात न येता पलीकडच्या फाट्यावर थांबू लागली, म्हाताऱ्याच्या नजरेला पडू नये म्हणून. माणसं गाठोडी घेऊन चुपचाप फाट्यावर जात. घरोघर कुलपं दिसू लागली. एके दिवशी पतिराम शेतावरून आला तर दुर्गेश आणि सून चंचल यांच्या खोलीलाही कुलूप. नातवालाही घेऊन गेले होते. पतिरामला रडू आलं नाही. संताप आला. असा संताप की त्यानं भाकरीसुद्धा खाल्ली नाही, तसाच निघाला. एकेकाचा कान धरून परत आणायचं, बस्स!

गोंदियाहून बल्लारशा, तिथून दुसरी गाडी, मग ऑटो. गाव दरवर्षी जाई त्या शेताजवळ पोचला तेव्हा मिरचीच्या ठसक्यानं त्याला बोलवेना. पाहतो तर अख्खं पांजरखेडा तिथं ओळीनं वाकलेलं. शालीकराम, गीताबाई, योगराजची सगळी पोरं. देवळापुढं माना डोलावणारा एकही कमी नव्हता.

"चला!" तो खोकत खोकत ओरडला. "रात्री गाडी हाये. उद्या गावात मोजणीवाला येऊन राहिला, अन तुम्ही इथं?"

कुणी उठलं नाही. दुर्गेशनं वरही पाहिलं नाही. "घरी येऊन काय करू बाबा? नाव खाऊ?"

चंचलनं पाणी आणून दिलं. ते पिऊन पतिराम बांधावर बसून राहिला.

ऊन कलल्यावर एक शिक्षिका मोबाइल घेऊन मजुरांच्या झोपड्यांशी आली. तिकडचीच होती, मोडकीतोडकी हिंदी बोलायची. तिकडेही मोजणीच चालू होती. एकेक जण हात धुऊन येई, नाव सांगे आणि पुन्हा ओळीत जाई. शेवटी तिचं लक्ष बांधावर गेलं.

"ये बाबा का गिनती हुआ क्या उधर?"

"नाही झालं," चंचल म्हणाली.

"तो इधर लिखूँ? या ये वापस जाएगा?"

सगळे पतिरामकडे पाहू लागले. रात्रीची गाडी अजून मिळत होती. उद्या गावात कुणीतरी घरोघर फिरणार होतं, आणि एवढ्या कुलपांमध्ये दार उघडायला तो एकटा असणार होता. मनातल्या मनात तो घरी जाऊन आला. तिथं त्याला कुणीच भेटलं नाही.

"इथंच लिव माय," तो म्हणाला. "गाव तर सारं इथंच हाये. लिव... पतिराम, गाव पांजरखेडा."

तिनं मोबाइलवर बोट चालवलं आणि मान हलवली.

"गाव का नाम नहीं पूछा, बाबा. गाव का नाम पहले से भरा है. इधर का."