सातवा रकाना

"साहेब, 'गट कसे पाडले' हा सातवा रकाना रिकामा का?" आकडेवालीने विचारलं.

साहेबांनी चष्मा कपाळावर सरकवला. "चिठ्ठ्या टाकून गट पाडले नव्हते, एवढं लिहून मोकळी हो. पाचला बैठक आहे. घरभेटी चालू ठेवायच्या की बंद, आज ठरणार."

"चिठ्ठ्या नव्हत्या म्हणूनच तर कोणी, कसे पाडले ते लिहायला हवं."

"मग सिस्टरांना विचार. पण चऱ्हाट लावू नकोस."

तक्ता तसा सरळ होता. रक्तदाबाचे दोनशे रुग्ण. शंभर जणांकडे सिस्टर वर्षभर, महिन्यातून दोनदा गेल्या. त्यांतले अकरा इस्पितळात दाखल झाले. उरलेल्या शंभरांकडे कोणी फिरकलं नाही, त्यांतलेही अकराच. फरक शून्य. म्हणजे भेटी बंद, आणि त्यांच्याबरोबर सिस्टरांची नोकरीही.

सिस्टर औषधांच्या कपाटापाशी गुडघ्याला मलम चोळत बसल्या होत्या.

"नियम काय होता, सिस्टर?"

"यादीतले पहिले शंभर घ्यायचे. तुला ठाऊक आहे की."

"मग रजिस्टरात त्यांतली बासष्ट नावं खोडलेली कशी?"

"शाई सांडली असेल."

"बासष्ट वेळा? नेमकी नावावरच?"

"तुला सासू कशी मिळते ते बघायचंय मला," सिस्टर म्हणाल्या, पण हसल्या नाहीत.

तिची नजर त्या सुजलेल्या गुडघ्यावर गेली. जवळची, तळमजल्यावरची, ठणठणीत माणसं वेचून घेतली असणार. तसं असेल, आणि तरीही दोन्हीकडे अकराच दाखल झाले, तर भेटी नुसत्या निरुपयोगी नव्हत्या. भेटींनी माणसं बिघडली होती. आणि ते तिलाच लिहावं लागणार होतं.

"मोडला मी नियम," सिस्टर हळूच म्हणाल्या. "पण नको लिहूस, पोरी. जाताजाता डाग नको."

"लिहावंच लागेल. वाचणाऱ्याला कळलं पाहिजे."

फोन वाजला. साहेबांचा. पाचला दहा मिनिटं कमी. तिने तो उचलला नाही. पेन सातव्या रकान्यावर टेकवलं.

"कशावरून निवडलीत माणसं?"

सिस्टरांनी मलमाचं झाकण घट्ट लावलं.

"तोंडावरून. ज्याला बघून वाटलं, हा काही वर्ष काढत नाही, त्याला मी माझ्याकडे घेतलं. धडधाकट होते, ते सगळे दुसऱ्या शंभरांत ढकलले."