पाच तासांचा चार्जर

पोरगी नीलिमा हिवतापाने गेल्यापासून मुखरूला घर खायला उठे, म्हणून तो दिवसभर रेडिओ लावून ठेवी. एका सकाळी तो सोमाजी गुरुजींकडे आला.

“गुरुजी, गडचिरोलीहून आनलेले हे मोठे सेल फसवे निघाले. चार्जरचा दिवा विझेपर्यंत लावतो, तरी दुसऱ्याच दिवशी रेडिओ मुका.”

शाळेतल्या पोराला समजवावं तसं गुरुजी सावकाश म्हणाले, “मुखरू, सेल किती भरला ते चार्जरले समजत नाई. पाच तास झाले का तो आपला बंद होते. लहान सेल तेवढ्यात भरते, तुझे अर्धेच राह्यते. दिवा विझला म्हनजे काम झालं असं नाई. आनखी एक डाव लावत जा.”

मुखरूने हातातले सेल खाली ठेवले. मग त्याने सदऱ्याच्या खिशातून गोळ्यांची अर्धी उरलेली पट्टी काढली आणि गुरुजींच्या हातावर ठेवली.

“डाक्टरीनबाईनं सात दिवसांच्या देल्या होत्या, गुरुजी. तिसऱ्याच दिवशी नीलिमाचा ताप उतरला. मीच म्हनलो तिले, झालं बेटा आता, कायले खातं कडू?”