दहाव्या दिवशीचं डोकं

इस्तंबूलच्या त्या क्लिनिकात केस रोवल्यावर दहाव्या दिवशी डोकं धुऊन खपल्या काढायचं काम नेवीनकडे होतं. चार केस उगवले की जवानी परत येते, असं समजणारी डोकी तिनं ढिगानं पाहिली होती. पण रेफिकसाहेबांची तिला किळसच यायची. बायको वारल्याच्या चाळिसाव्या दिवशी तिच्या नावानं दारात लोकमे, म्हणजे पाकात बुडवलेले तळलेले गोळे, वाटायचं काम बहिणीवर ढकलून हा माणूस त्याच दिवशी केस रोवायला आला होता.

"लग्नापर्यंत उगवतील ना गं?"

"आधी सगळे गळतील, साहेब. नवे फुटायला तीन महिने. तोवर नवरीला टोपीच दाखवा."

तिनं फेस चोळला. खपल्या सुटल्या आणि त्यांच्याखाली दुमडलेले बोटभर लांब केस बाहेर पडले. लालभडक. ते जिथून काढले होते, ती मागची बाजू मात्र काळीच होती.

"मेंदी लावलीत?"

"मी? ते थेर माझ्या मेलेल्या बायकोचे, मुअल्लाचे. महिन्याच्या महिन्याला डोकं लाल करून बसायची म्हातारी."

नेवीननं आरसा त्याच्यापुढे धरला.

त्यानं आरसा दूर सारला. "हे... गळतील म्हणालीस ना, ताई?"

"दहाव्या दिवशी हात लावला तरी सुटतात," ती म्हणाली आणि एक लाल केस चिमटीत धरून तिनं ओढला.

आतून कुणीतरी तो परत ओढून घेतला.